आजींच्या फोनमधले पैसे कुठे जातात? (वर्तकनगर, ठाणे: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सावंत, बी-४०२: नमस्कार. सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन आहे, प्रीपेड. टाकलेला बॅलन्स आपोआप कमी होतोय. आज कंपनीच्या गॅलरीत जाऊन आले. तिथला मुलगा म्हणाला, भजनांची कसली तरी सर्व्हिस चालू आहे, आजींनीच बटण दाबलं असेल. त्यांना मेसेजची अक्षरंही दिसत नाहीत हो. काय करू?

म्हात्रे, सी-१०१: वहिनी, आमच्या बाबांचंही हेच झालं. त्यांनी शेवटी बॅलन्स टाकणंच सोडलं.

शेख, ए-२०५: नंबर पोर्ट करून टाका वहिनी. कुठे भांडत बसता.

परांजपे, ए-६०३: शेखभाऊ, पोर्ट केल्यावर प्रीपेडचा उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही. कापलेले पैसेही तिकडेच राहतात. आधी हिशोब मागू या.

वहिनी, १५५२२३ वर फोन करून ती सेवा बंद करा. मग १९८ ला तक्रार नोंदवा. नुसतं ‘बॅलन्स जातोय’ म्हणू नका. विचारा, की सेवा कोणत्या तारखेला, किती वाजता, कशी सुरू झाली आणि दुसरा होकार कुठे आहे? ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाचा, जुलै २०१३ चा आदेश आहे. ग्राहक एकदा हो म्हणाला तरी पुरत नाही, कंपनीने पुन्हा विचारून दुसऱ्यांदा होकार घ्यायचा आणि मगच पैसे कापायचे. म्हणजे ‘बटण दाबलं असेल’ हे उत्तरच होऊ शकत नाही. होकाराची नोंद दाखवा, नाहीतर पैसे परत करा, एवढंच बोलायचं. आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

सावंत, बी-४०२: गॅलरीत तर ‘बंद केली’ एवढंच तोंडी सांगितलं. कागद काही नाही.

परांजपे, ए-६०३: म्हणून लेखी मागायचं. ट्रायच्या २०१२ च्या टेलिकॉम ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांतला तपशीलवार हिशोब मागता येतो. ३० दिवसांत द्यावा लागतो, जास्तीत जास्त ५० रुपये घेऊन.

शेख, ए-२०५: आपलेच पैसे शोधायला वर ५० रुपये?

परांजपे, ए-६०३: मलाही हे पटत नाही. वाद असेल तेव्हा तरी तो फुकट मिळायला हवा. तरी मागाच. कशापोटी किती कापले हे कागदावर आलं की समोरच्याला तोंडी टोलवाटोलवी करता येत नाही. रक्कम लहान म्हणून आपण सोडून देतो. पण ज्यांना मेसेज वाचता येत नाही त्यांच्याच फोनमधून थोडे थोडे पैसे जातात, याचा मला फार राग येतो.

कुलकर्णी, डी-३०३: सरळ ट्रायला मेल केला तर?

परांजपे, ए-६०३: ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही. कंपनीचं उत्तर पटलं नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं, ३० दिवसांच्या आत. फी नाही. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. शिवाय आपला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही.

कुलकर्णी, डी-३०३: पण मोबाईलच्या तक्रारी ग्राहक कोर्टात चालत नाहीत ना? एका वकिलांनीच सांगितलं होतं.

परांजपे, ए-६०३: २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानंतर तसंच धरलं जायचं. आता नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवांच्या यादीत टेलिकॉमचं नावच आहे. आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की १९८६ च्या जुन्या कायद्याखालीही अशा तक्रारी चालत होत्या. ते प्रकरण वाचण्यासारखं आहे. अहमदाबादच्या जिल्हा ग्राहक मंचातलं (आयोगाचं जुनं नाव). ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल यायचं आणि २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. बिल खरं की खोटं हे बाजूलाच, तक्रार कुठे चालवायची याच मुद्द्यावर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. त्या माणसाने चिकाटी सोडली नाही म्हणून आज आपल्याला तो दरवाजा उघडा आहे.

देशमुख, सी-५०२: ताई, २८ दिवसांच्या पॅकचं काय? वर्षाला १३ रिचार्ज होतात.

परांजपे, ए-६०३: ट्रायच्या जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा पॅक ठेवावाच लागतो. ट्रायच्या नियमांतल्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅकही सक्तीचा झाला. ॲपमध्ये शोधावे लागतात, चटकन समोर येत नाहीत. सावंतवहिनी, आजींना तोच घ्या. त्या नेट वापरत नाहीत, मग त्याचे पैसे का भरायचे?

सावंत, बी-४०२: १९८ लागला. सेवा बंद केली म्हणाले. पैशांचं ‘वरून कळवतो’. डॉकेट नंबरचा मेसेज आलाय.

परांजपे, ए-६०३: तो मेसेज पुसू नका, दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून ठेवा. हिशोबाचा अर्ज रविवारी सकाळी सोसायटी ऑफिसात बसून लिहू. म्हात्रे, बाबांचा फोनही घेऊन या.

म्हात्रे, सी-१०१: आणतो ताई. अर्जावर सही बाबांची ना?

परांजपे, ए-६०३: सिम कोणाच्या नावावर आहे?

म्हात्रे, सी-१०१: माझ्याच.

परांजपे, ए-६०३: मग सही तुमची. वहिनी, तुम्हीही आजींचं सिम कोणाच्या नावावर आहे ते बघून या.