असुर, अहुर आणि देव

पायपीट:
मुंबईच्या फोर्टमधल्या माणेकजी शेठ अग्यारीच्या (पारशांच्या अग्निमंदिराच्या) दाराशी पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत ना, परवा तिथून जाताना बरोबरच्या पारशी मित्राला विचारलं, "हे तुमचे देव का रे?" तो हसायलाच लागला. म्हणे, "आमच्यात दएव म्हणजे सैतान! देव तो अहुरमझ्द." अहुर म्हणजे आपला असुर, एवढं ऐकून होते. पण ही उलटापालट केली कुणी? आपण की त्यांनी?

जुनी वही:
दोघांनी, आपापल्या घरी. अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) आणि ऋग्वेद यांच्या भाषा बहिणी-बहिणी. आपल्या 'स'च्या जागी तिकडे बहुतेकदा 'ह': सोम-हओम, सप्त-हप्त. (कर्जाचा हप्ता तिकडचाच.) असुर-अहुर त्याच हिशेबाने. ऋग्वेदात असुर ही मुळात शिवी नाहीच. वरुण, अग्नी, अगदी इंद्रसुद्धा असुर. सविता तर 'हिरण्यहस्तो असुरः'. तिसऱ्या मंडलातलं ५५वं सूक्त काढा. २२ ऋचा आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद: 'महद् देवानाम् असुरत्वम् एकम्'. देवांचं असुरपण थोर! असु म्हणजे प्राण. असुर म्हणजे सामर्थ्यवान. पुढे ब्राह्मणग्रंथांत देव विरुद्ध असुर असे दोन तट पडले. तिकडे पारशांचा प्रेषित जरथुष्ट्र, त्याच्या गाथांनी दएवांना झिडकारलं.

कोथरूडकर:
एवढं लांब कशाला जायचं? सुर नव्हे तो असुर, शाळेत हेच शिकलो. शिवाय असुर म्हणजे असीरियाचे, आजच्या इराककडच्या प्राचीन राज्याचे लोक. त्यांच्या देवाचं नावच अश्शूर.

जुनी वही:
शाळेतली फोड मागाहूनची हो. ऋग्वेदात देव या अर्थी 'सुर' सापडत नाही. असुरातला 'अ' नकाराचा समजून काढून टाकला, उरला तो सुर. विधवेचीही तीच गत. मूळ शब्द अखंड, लॅटिनमध्ये 'विदुआ'. आपण तो वि + धव असा तोडला, धव म्हणजे नवरा ठरवला आणि वर सधवाही घडवली!
अश्शूरशी नादसाम्य आहे, पण अहुर शेजारी उभा असताना असुर परक्याकडून कशाला आणायचा? बैल मात्र खरंच असीरियाचे. लमस्सु, राजवाड्याच्या दाराचे राखणदार. ते इराणच्या हखामनी राजांनी उचलले. त्यांच्या राजधानीत, पर्सेपोलिसला, झर्क्सीस राजाच्या दरवाजावर आजही आहेत. त्याच वळणाचे फोर्टात.

रात्रपाळी:
यात दिवाना राहिला की! दएवचा फारसीत झाला दीव, त्याने झपाटलेला तो दीवाना. आपल्याकडे अंगात देव आला की लोक पाया पडतात, तिकडे तो वेड्यात निघाला. (दिवाणखान्यातला दिवाण वेगळा, तो कचेरीवाला.)

पायपीट:
भारी! जाता जाता: 'असुरी आनंद' की 'आसुरी'? दोन्ही छापलेलं दिसतं.

जुनी वही:
आसुरी. देवाचं ते दैवी, तसं असुराचं ते आसुरी. गीतेच्या १६व्या अध्यायात दोन्ही संपत्ती शेजारी-शेजारी आहेत. 'असुरी' लिहिलंत तर अर्थ कळेलच, पण माझ्या हातात मुद्रित आलं तर मी काना देणार.