मदत हवी आहे: 'अदेउश'ला मराठीत काय म्हणावं? (युरोव्हिजन १९७४, पोर्तुगालचं गाणं)

नमस्कार मंडळी,

पोर्तुगीज येणारं किंवा गाण्यांची भाषांतरं करणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचा कार्यक्रम असतो. दरवर्षी १९६१ वर बोलणं होतं. यंदा मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि मी १९७४ वर बोलणार आहे, तेही एका गाण्याच्या निमित्ताने. शेवटी ते गाणं मराठीतून गायचं आहे. सगळं अडलंय ते तिथेच.

गाणं आहे पाउलो दे कार्वाल्यो यांनी गायलेलं 'ई दपोइश दु अदेउश', म्हणजे 'आणि अदेउशनंतर'. 'अदेउश' हा निघताना म्हणायचा पोर्तुगीज शब्द. शब्द जुझे नीझा यांचे, संगीत जुझे काल्वारियो यांचं. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन ही देशादेशांची गाण्यांची स्पर्धा झाली. त्या रात्री स्वीडनचा 'आबा' हा गट जिंकला आणि सगळ्यांना तेवढंच आठवतं. पोर्तुगालला ३ गुण मिळाले. तळाला जे चार देश बरोबरीत राहिले त्यांतला हा एक.

त्यानंतर अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने हेच गाणं लावलं. बराकींमध्ये रेडिओला कान लावून बसलेल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी ती खूण होती: तयार व्हा. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावर जुझे आफोन्सो यांचं 'ग्रांदोला, विला मोरेना' लागलं, ती दुसरी खूण: निघा. १९२६ पासूनची हुकूमशाही २५ एप्रिलला कोसळली. पहिल्या खुणेसाठी हे गाणं निवडलं कारण ते साधं प्रेमगीत होतं, नुकतंच गाजलेलं. रात्री रेडिओवर लागलं तर सेन्सॉरला वा पोलिसांना त्यात वावगं काही वाटणार नव्हतं.

आणि आपला संबंध असा की गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने १९६१ नंतरही मान्य केलं नव्हतं. नवं सरकार आल्यावर ते झालं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करारावर सह्या झाल्या, त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. आमच्या वाचनालयातल्या मुलांना तेरा वर्षांची ही मधली गोष्ट कुणीच सांगत नाही. मला ती सांगायची आहे.

आता अडचण. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. लहानपणी ते पोर्तुगीज शाळेत शिकले, त्यामुळे अर्थ तेच लावून देतायत. रोज संध्याकाळी सोप्यावर बसून, भिंग धरून, आखीव वहीत एक ओळ पोर्तुगीज आणि तिच्याखाली पेन्सिलीने मराठी. 'अदेउश'च्या खाली मी 'येतो आता' लिहिलं, ते त्यांनी खोडलं. 'जातो' लिहिलं, तेही खोडलं. म्हणाले, "येतो म्हणणारा परत येतो गं. आणि जातो असं आपल्यात कुणी म्हणतच नाही. हा माणूस परत यायचा नाही." बाबांचं पटतं, पण मग लिहू काय?

दुसरं असं की पोर्तुगीजमध्ये 'नंतर' हा शब्द आधी येतो आणि 'प्रेम' ओळीच्या शेवटी, जिथे सूर लांबतो. मराठीत 'प्रेमानंतर' म्हटलं की मला 'तर'वर सूर धरावा लागतो. ऐकायला फार वाईट लागतं.

तिसरं, शेवटी 'फिकार्मुश' असं एक क्रियापद आहे, ते बाबांनाही उलगडत नाही.

प्रतिसाद १
लिस्बनला आठ वर्षं आहे, म्हणून लिहितो. बाबा अगदी बरोबर आहेत. इथे रोजच्या निरोपाला बहुतेक 'चाऊ' किंवा 'अते लोगु' म्हणतात. 'अदेउश'ला शेवटचं असल्याचं वजन आहे. 'फिकार' म्हणजे राहणं, उरणं. त्याला 'मुश' लागलं की 'आपलं'. म्हणजे 'आपलं उरणं'. इंग्रजीत हे नीट सांगता येत नाही, मराठीत मात्र जसंच्या तसं बसतं: 'आपलं एकटं उरणं'. आणि मूळ गाणं ऐकवणार असाल तर ब्राझीलच्या उच्चारांवर जाऊ नका. तिथे बहुतेक ठिकाणी शेवटचा 'श' हा 'स' होतो.

प्रतिसाद २
ताई, साल्वादोर सोब्रालचं २०१७ चं गाणं का नाही घेत? कीवला ७५८ गुण मिळवून जिंकलं होतं. १९६४ पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालचा तो पहिला विजय. शब्द-संगीत त्याच्या बहिणीचं. श्रोत्यांना लगेच भिडेल.

प्रतिसाद ३
'निरोप' हाच शब्द ठेवा, दुसरा शोधू नका. आपल्याकडे निरोप घेतातही आणि निरोप पाठवतातही. त्या रात्री रेडिओवरून सैनिकांना जो गेला तोही निरोपच होता ना? पोर्तुगीजमध्ये हे दोन अर्थ एका शब्दात येत नाहीत, मराठीत येतात. बोलताना हे जरूर सांगा.
'नंतर'चा प्रश्न 'नंतर' काढूनच सुटेल. 'सरलं प्रेम, सरलो आपण, उरला निरोप' असं काही चालीत बसतंय का पाहा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पेटीवर बसून पाहिलं. 'सरलं प्रेम' छान बसतं, 'प्रे'वर सूर हवा तितका लांबवता येतो. 'उरला' आला की पुढचं 'एकटं उरणं' आपोआप जोडलं जातं. 'सरलो आपण' मात्र घाईत म्हणावं लागतंय, तिथे एक मात्रा जास्त होते. 'सरलो' ऐवजी दोन अक्षरी काही सुचलं तर सांगा.

२०१७ चं गाणं मलाही फार आवडतं, घरी कितीदा लावते. पण मुक्तिदिनाला मला हेच गायचंय.

'निरोप'चे दोन अर्थ बाबांना वाचून दाखवले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग वहीत 'अदेउश'खाली तो शब्द त्यांनी स्वतः लिहिला, पेन्सिल ठेवून पेनाने.

लिस्बनच्या दादांना एक विनंती. गाण्याचं नाव तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाकडून बोलून घेऊन ध्वनिमुद्रण पाठवाल का? दहा सेकंदांचं चालेल. मास्तरांनी शिकवलेला उच्चार अजून तसाच आहे का, हे बाबांना ऐकायचं आहे.