विमान माझ्याकडं यायला लागलं की हात चुकतो

आष्टेकर
आष्ट्याजवळ शेती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबरोबर रिमोटचं विमान बांधलं. सनपॅकची (पोकळ प्लास्टिक शीटची) बॉडी, थर्माकोलचे पंख, १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) २२१२ मापाची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी. लांब जाताना सगळं जमतं. वळून माझ्याकडं आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मी पाडतो. तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेजारच्या उभ्या उसात गेलं, दोन दिवसांनी सापडलं. मुलगा आता रिमोटला हात लावायला घाबरतो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

मिरजेचा काका
दादा, मीही इथंच अडकलो होतो. विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, रिमोटची स्टिक त्याच बाजूला सरकवायची. झुकलेल्या पंखाला टेकू दिल्यासारखं. डावं-उजवं मनात आणूच नका. पिकासिम हे सिम्युलेटर फुकट आहे, मोबाईलवर चालतं. रोज वीस मिनिटं फक्त समोरून येणारं विमान उडवा, दोघांनीही.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा बिंदू, तपासलात का? पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटांनी तोलून बघा. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढं सरकवा. शेपूट जड असलेलं विमान नवख्याच्या हातात राहत नाही.

आणि उसाचं मनावर घ्या. विमान आत गेलं की आधी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, बंद. जागचं हलायचं नाही. जिथं दिसेनासं झालं त्या रेषेतला नारळ किंवा विजेचा खांब धरून ठेवायचा. मग एकानं तिथंच उभं राहून थ्रॉटल सोडून दुसरी स्टिक हलवायची, दुसऱ्यानं सर्व्होचा (शेपटीच्या-पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आवाज ऐकत सरीतून जायचं. सापडलं की पहिल्यांदा बॅटरी काढा. मार लागलेली लिपो बऱ्याच वेळानंही पेटते. माझी एकदा बांधावर काढून ठेवल्यावर पेटली. पाचटात असती तर कुणाचं तरी वर्षाचं पीक गेलं असतं. तेव्हापासून मी उभ्या उसाशेजारी उडवत नाही, तोड झालेलं रान मिळेपर्यंत थांबतो.

यवतेश्वर पायथा
मी साताऱ्याचा. वाऱ्याचं सांगतो. डोंगराच्या आडोशाला वारा नाही असं वाटतं, पण माथ्यावरून उतरणारा वारा तिथंच गोते खातो. माझी दोन विमानं त्यानंच आपटली. तुमच्याकडं सपाट रान आहे, त्याचा फायदा घ्या. थंडीत सकाळी नऊच्या आत उडवा, ऊन चढलं की रान तापून हवा उसळते. हवेत सोडताना आणि उतरवताना विमानाचं तोंड वाऱ्याकडं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणंही छंदाचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं असतं, म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला गडद पट्टे मारा. उलटं-सुलटं लगेच कळतं.

आष्टेकर
काका, सीजी बघितला, शेपूट जडच होतं. बॅटरी दीड इंच पुढं घेतली. सापडल्यावर तीच लिपो मी घरात चार्ज केली होती. आता बघितली तर एक सेल फुगलाय, आज ती बाजूला काढली. शेजाऱ्यांच्या उसाची तोड पुढच्या आठवड्यात आहे, तोवर पिकासिम. पट्टे काळे मारू की लाल, असं पोरगं विचारतंय.

यवतेश्वर पायथा
काळे. लांबून लालही काळाच दिसतो.