लासलगावहून बांगलादेशातल्या दर्शनाला कांदा : रेक (पूर्ण मालगाडी) लावावी की ट्रकच बरे?

निफाड_एफपीसी

निफाड-चांदवड पट्ट्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. उन्हाळ कांदा, ५० किलोची जाळीची गोणी, आठवड्याला साधारण ४०० टन माल निवडून तयार होतो. सध्या सगळा माल १२ आणि १४ चाकी गाड्यांनी पेट्रापोल किंवा घोजाडांगा या पश्चिम बंगालमधल्या सीमा नाक्यांवर जातो. बांगलादेशातला आयातदार आता म्हणतोय की रेल्वेने दर्शना या तिकडच्या सीमेवरच्या स्थानकाला पाठवा, भाडं कमी पडेल.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. ४०० टनांत रेल्वे जमते का? भाड्यात किलोमागे नक्की किती सुटतात? आणि बंद वॅगनमध्ये उन्हाळ कांदा टिकतो का? आयईसी (निर्यातदाराचा कोड), अपेडा नोंदणी, फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला) हे सगळं नीट आहे, त्यामुळे ते सोडून सांगितलं तरी चालेल.

---

मालधक्का_मनमाड

आधी आकड्यांचं बोलू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

कांद्याची रेक म्हणजे बीसीएन प्रकारच्या ४२ बंद वॅगन, एकूण साधारण १६०० टन. वॅगनमागे ३८ टन, म्हणजे सुमारे ७६० गोण्या. वॅगन याहून जास्त वजन पेलते, पण कांद्याची थप्पी छतापर्यंत नेता येत नाही. भाडंही भरलेल्या वजनावर नसतं. आकारणीचं किमान वजन ठरलेलं असतं, माल त्याच्या खाली राहिला तरी पैसे तेवढ्याचेच जातात.

भाड्यासाठी एक जाहीर झालेला आकडा हाताशी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला कांदा रेल्वेने लासलगाव भागातून दिल्लीच्या किशनगंजला गेला. ४२ वॅगन, १६०० टन. तेव्हा सांगितलेला हिशोब असा : रेल्वेने ७० लाख २० हजार, तोच माल ५६ ट्रकांनी ८४ लाख. वाचले १३ लाख ८० हजार. रक्कम मोठी दिसते, पण १६ लाख किलोवर वाटली की किलोमागे ८६ पैसे होतात. दर्शनाचं अंतर जास्त असल्याने फरक थोडा वाढेल, पण हिशोबाची जात तीच.

आता त्या ८६ पैशांतून काय काय जातं ते बघा. ट्रक खळ्यावर भरला की थेट पेट्रापोलपलीकडच्या बेनापोलला रिकामा होतो. रेल्वेला तीच गोणी खळ्यावरून गाडीत, गाडीतून रेल्वेच्या मालधक्क्यावर, धक्क्यावरून वॅगनमध्ये, दर्शनाला पुन्हा खाली आणि पुन्हा ट्रकमध्ये. तुमच्या बाजूला जादा हमालीचे गोणीमागे १० रुपये धरले तरी किलोला २० पैसे गेले. खळं ते धक्का वाहतूक वेगळी. आणि माल २५ रुपये किलोने पडला असेल, तर सड फक्त साडेतीन टक्क्यांनी वाढली की उरलेलंच काय, सगळे ८६ पैसे संपले. म्हणून आयातदाराला भाडं विचारण्याआधी हात किती वाढतात आणि सड किती वाढेल ते लिहून काढा.

४०० टनांचं उत्तर स्पष्ट आहे : एकट्याने नाही. चार आठवडे माल साठवून १६०० टन करायचा विचार असेल तर सोडून द्या. चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीत, कांदा टिकतो. निवडून, पत्ती झडवून, गोणीत भरून थप्पीला लावलेला कांदा तसा टिकत नाही. मिनी रेक २० वॅगनची असते, पण तिला अंतराची मर्यादा आहे, दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला ती धरून चालू नका. दोन ठिकाणी भरायची रेक मिळू शकते, मात्र स्थानकांची ती जोडी रेल्वेने मंजूर केलेली असावी लागते.

मागणी नोंदवताना नोंदणीची रक्कम भरावी लागते. रेक कधी मिळेल ते विभागाच्या हातात, आणि आली की भरायचे तास मोजलेले. ९ तास धरले तरी ३२,००० गोण्या म्हणजे ताशी साडेतीन हजारांवर. वॅगनला ६ ते ८ हमालांची टोळी लावली आणि निम्म्या वॅगन एका वेळी धरल्या, तरी दीडशे माणूस धक्क्यावर हवा, तोही रेक रात्री दोनला लागली तर रात्री दोनला. वेळ चुकली की डेमरेज, म्हणजे वॅगन अडवून ठेवल्याचा दंड. ते वॅगनमागे तासावर बसतं, म्हणजे एका तासाचा उशीर ४२ ने गुणला जातो. माल लवकर आणून धक्क्यावर टाकला तर व्हार्फेज (धक्क्याच्या जागेचं शुल्क), शिवाय ऊन-पाऊस. याच ओढाताणीत लहान निर्यातदार पहिल्या रेकनंतर ट्रककडे परततात.

---

खळ्यावरून

टिकण्याचं मी सांगतो. वॅगनमध्ये कांदा टिकतो, पण भरणाऱ्याला वॅगन कळायला हवी.

वॅगन लागली की माल चढवण्याआधी आत जा आणि दारं ओढून घ्यायला सांगा. अंधारात छताकडे आणि कोपऱ्यांकडे बघा. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. अशी वॅगन नाकारा किंवा दुरुस्त करून घ्या, आणि नोंद लेखी करा. पावसाळ्यात हे सोडलंत तर दोन-चार वॅगनमधल्या वरच्या थरांचा काळा लगदा होतो आणि त्याचा वास शेजारच्या मालाला धरतो.

दुसरं, जमीन बघा. याच वॅगनमधून आधी सिमेंट किंवा खत गेलेलं असतं. सिमेंटची भुकटी कांद्याच्या पत्तीवर बसली की माल मळकट दिसतो आणि तिकडे दर तोडतात. खत त्याहून वाईट : युरियाचे दाणे हवेतला ओलावा ओढतात, तळाची गोणी ओली होते आणि बुडातून सड सुरू होते. झाडू मारून भागत नाही. कोपऱ्यातला आणि दाराच्या खाचेतला थर खरवडून काढा, मग कोरडं पोतं फिरवा. तळाला बांबूच्या कामट्या किंवा भाताचा कोरडा पेंढा टाकता आला तर उत्तम.

रचताना गोण्या भिंतीला घट्ट चिकटवू नका. पत्र्याची भिंत दिवसा तापते आणि रात्री आतून घामेजते, कांद्याला ती लागता कामा नये. मध्ये दारासमोर आडवी गल्ली ठेवा, आणि थप्पीत हवा उभी चढेल अशा पोकळ्या ठेवा. छताखाली हातभर तरी जागा मोकळी. दारं पूर्ण बंद केली तर कांद्याची स्वतःची उष्णता आतच कोंडते, म्हणून दारात बांबूच्या पट्ट्या आणि जाळी बांधून ती उघडी ठेवतात. याची परवानगी गुड्स सुपरवायझरकडून आधी घ्या, आणि चोरीची जोखीम तुमच्याकडे येते हे गृहीत धरा.

एवढं करूनही मालच कच्चा असेल तर काही उपयोग नाही. मान नीट सुकलेली, पत्ती दुहेरी, जोड कांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) वेगळे काढलेले, हाताने दाबला तर मानेजवळ कडक. लाल (खरीप) कांदा आणि रांगडा (उशिराचा खरीप) वॅगनमध्ये घालूच नका, पाणी जास्त असल्याने चार-पाच दिवसांच्या कोंडीत त्याला कोंब येतो नाहीतर तो मऊ पडतो. उन्हाळ कांदाच या प्रवासाचा.

---

सीमाशुल्क_बोनगाव

वरचं सगळं बरोबर आहे. पण खरा खेळ सीमेवर आहे, त्याकडे कोणी वळलं नाही.

रेल्वेचा मोठा फायदा भाड्यात नाही, रांग टळण्यात आहे. पेट्रापोलला गाडी पोचली म्हणजे माल पोचला असं होत नाही. २०२२ पासून सुविधा पोर्टलवर स्लॉट (सीमा ओलांडायची ठरलेली वेळ) घ्यावा लागतो, त्याचं शुल्क वेगळं, आणि स्लॉट हुकला की पार्किंगमध्ये उभं राहणं आलं. ताडपत्रीखाली उभा कांदा चालत्या गाडीतल्या कांद्यापेक्षा लवकर तापतो. वर ड्रायव्हरचा हॉल्ट (गाडी थांबल्याचे पैसे). २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेट्रापोलचा रस्ता बंद झाला तेव्हा मे महिन्यात नाशिक भागातून रेकनेच कांदा दर्शनाला गेला. रेल्वे गेदे या आपल्या सीमेवरच्या स्थानकाहून थेट दर्शनाला उतरते, भारतीय बाजूला गोणी खाली होत नाही.

मात्र कागद वेगळे. पेट्रापोलला केलेली एडी कोडची (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा कोड) नोंदणी गेदेला चालते का ते आधी तपासा, नसेल तर करून घ्या. शिपिंग बिल (कस्टमकडे दाखल करायचा निर्यातीचा कागद) गेदेचं, आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी) मिळाल्याशिवाय रेक पुढे सरकत नाही. आरआरवरची (रेल्वेची मालपावती) वॅगनवार गोणीसंख्या, फायटोवरचं वजन आणि शिपिंग बिलावरचं वजन हे तिन्ही जुळलं पाहिजे. ट्रकचा कागद चुकला तर एक ट्रक अडतो, इथे ४२ वॅगन अडतात.

आणि आयपी, म्हणजे आयात परवाना. बांगलादेशचं कृषी खातं आयातदाराला जो परवाना देतं त्यावर परिमाण लिहिलेलं असतं. तुमच्या आयातदाराकडे १६०० टनांचे आयपी हातात आहेत का, की तो ‘येतील’ म्हणतोय? डिसेंबर २०२५ मध्ये तिकडून एका आयपीवर फक्त ३० टन दिले जात होते. तशा दिवसांत रेकचा प्रश्नच उद्भवत नाही, आयपी ट्रकच्या मापाचाच निघतो. त्यांचा स्वतःचा कांदा मार्चच्या आसपास निघतो तेव्हा आयपी थांबतात. २०२३ मध्ये ते ५ जूनला उघडले.

आपल्या बाजूची जोखीम तुम्हाला सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२० ची बंदी, ऑगस्ट २०२३ मधलं ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ची बंदी. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य आहे, पण अधिसूचना रात्रीतून निघते हा अनुभव सगळ्या पट्ट्याचा आहे. सवलत साधारण त्याच मालाला मिळते जो आधीच कस्टमकडे सोपवला गेलाय. वाटेत बिलासपूरजवळ असलेली रेक त्यात बसत नाही. ट्रक असतील तर काही कोलकात्याला, काही सिलिगुडीला, काही पाटण्याला वळवता येतात. रेक वळवायला रेल्वेची मंजुरी लागते, ती मिळाली तरी चितपूर किंवा मालद्याला एकाच दिवशी १६०० टन उतरले की तिथला बाजार तुमच्याच मालाने पडतो.

---

निफाड_एफपीसी

खूप आभार, एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. आम्ही आणि शेजारच्या तीन कंपन्या मिळून रेक लावली तर आरआर कोणाच्या नावाने? आणि मलेशिया-दुबईचा माल जेएनपीटीला (न्हावा शेवा बंदर) रेल्वेने न्यावा का?

---

मालधक्का_मनमाड

जेएनपीटीचं सोपं आहे : नाही. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. कंटेनर खळ्यावर येतो, तिथेच भरून सील होतो आणि दुसऱ्या दिवशी बंदरात असतो. एवढ्या अंतरात रेल्वेला दोन्ही टोकांची चढउतार परवडत नाही.

एकत्र रेकसाठी आरआर एकाच कंपनीच्या नावाने घ्या आणि बाकीच्यांशी आधी लेखी करार करा. त्यात चार गोष्टी हव्यातच. कोणत्या क्रमांकाची वॅगन कोणाची, ती भरताना कोणाचा माणूस उभा होता, डेमरेज कोणावर (ज्याचा माल धक्क्यावर उशिरा आला त्याच्यावर), आणि दर्शनाला तूट निघाली तर ती वॅगनवार मोजायची की सरसकट. सरसकट धरलीत तर चांगला माल देणारा पुढच्या वेळी येत नाही. गोणीवर प्रत्येक कंपनीची वेगळ्या रंगाची सुतळी लावा, तिकडे उतरवताना ओळखता येते.

दावा करायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा : रेल्वेच्या माणसाने गोण्या मोजलेल्या नसतील तर आरआरवर ‘सेड टू कन्टेन’ असा शेरा पडतो, मग तुटीचा दावा सिद्ध करणं अवघड जातं. रेल्वे कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे दाव्याची नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. सडीचं नुकसान मालाचा अंगभूत दोष म्हणून नाकारलं जातं, आणि साध्या वाहतूक विम्यातही ते सहसा बसत नाही.

---

सीमाशुल्क_बोनगाव

एक भर. चार कंपन्या असतील तर शिपिंग बिलंही चार करा, प्रत्येकाचं त्याच्या आयपी आणि एलसीला (आयातदाराच्या बँकेची पैशांची हमी) जोडून. एकाच बिलात सगळा माल घातला आणि एका आयातदाराच्या एलसीत त्रुटी निघाली तर चौघांचे पैसे अडकतात. आणि पहिली रेक मे-जूनच्या मालाची लावू नका. आयपी सुरळीत निघत असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरची लावा. तोवर चाळीत जो टिकायचा तो टिकलेला असतो, जो सडायचा तो निवडीत बाहेर पडलेला असतो. तोपर्यंतचा ४०० टन ट्रकनेच जाऊ द्या.