व्हॅनेटमध्ये (गाड्यांच्या आपसातल्या वायरलेस नेटवर्कमध्ये) लोकेशन जुनं मिळतंय, डेटा पॅकेट हरवतायत

अजिंक्यतारा_७: बीईचा प्रोजेक्ट आहे, खंबाटकी ते सातारा हायवे सुमो या ट्रॅफिक सिम्युलेटरमध्ये टाकलाय, राउटिंग जीपीएसआर (गाड्यांच्या जागा बघून पॅकेट पुढं पाठवायची पद्धत). लोकेशन सर्व्हिसकडनं (कुठली गाडी कुठं आहे याची नोंद ठेवणारी) गाडीची जागा मिळते पण पॅकेट पोचेस्तोवर गाडी पुढं गेलेली असते. जीपीएसची चूक धरायची का?

कृष्णाकाठ: जीपीएसची चूक ५-१० मीटर, ती एवढी नडत नाही रे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, ५ सेकंद जुनी नोंद म्हणजे गाडी ११० मीटर पुढं! नोंदीत वेग, दिशा, टाइमस्टॅम्प (नोंद कधीची ती वेळ) ठेव आणि आत्ताची जागा काढूनच पाठव.

मिरजकर: घाटातल्या वळणांवर सरळ रेषेतला अंदाज हमखास चुकणार, तिथं रस्त्याच्या नकाशावरनंच जागा काढ.

अजिंक्यतारा_७: टाइमस्टॅम्पच नव्हता दादा! आज रात्रीच रन लावतो.