मदत हवी आहे: लिंडी हॉपच्या सोशलला गाणी लावायची आहेत, फ्लॅक असूनही झांजा फसफसतात

मृद्गंध_म्युनिक (सोमवार, रात्री ११:४०)
येत्या शनिवारी आमच्या लिंडी हॉप (जुन्या जॅझवरचा जोडीचा नाच) गटाच्या सोशलला, म्हणजे नाचायच्या संध्याकाळी, ९ ते ११ गाणी लावायचं काम अचानक माझ्यावर आलंय. साधारण ६०० गाणी जमवली आहेत, सगळी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल). तरी काल हॉलच्या स्पीकरवर झांजा फसफसत होत्या आणि क्लॅरिनेट पाण्याखालून वाजल्यासारखं येत होतं. घरी लॅपटॉपवर असं काही जाणवलं नव्हतं.
१) फ्लॅक सोडून सगळं वेव्हमध्ये (अजिबात न दाबलेली फाइल) करू का?
२) गाणी लावायचं मशीन कोणतं घेऊ? १५० युरोच्या आत.
लवकर सांगा, उद्या ऑर्डर दिली तरच शुक्रवारपर्यंत येईल.

ढोलताशा_९६
दोन डेकचा कंट्रोलर (दोन गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र) घ्या, डोळे झाकून. मी बारा वर्षं लग्नं आणि वराती वाजवतोय. बीपीएम (मिनिटाला किती ठोके) जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं. मध्ये गॅप पडला की पब्लिक खुर्चीत जाऊन बसतं.

रेघोट्या
ताई, लॅपटॉप विंडोज की मॅक? हॉलच्या मिक्सरला कोणती वायर लावता? आणि मुख्य म्हणजे ही ६०० गाणी आली कुठून?

मृद्गंध_म्युनिक
लॅपटॉप साधाच आहे. वायर हेडफोनच्या भोकातून मिक्सरला जाते. गाणी फ्लॅक आहेत हे वर लिहिलंय.
@ढोलताशा, आमच्याकडे बीट जुळवत नाहीत. गाणं संपतं, लोक जोडीदाराला धन्यवाद देतात, दुसरा शोधतात, मग पुढचं गाणं.

ढोलताशा_९६
मग यादी लावून द्या आणि तुम्हीपण नाचा. डीजे हवाच कशाला?

सवाई_शिकागो
हवा. नऊ वर्षं इथल्या लिंडी सोशलना वाजवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय या नाचाच्या हॉलमध्ये ड्रमर चिक वेबचा बँड नाचणाऱ्यांकडे बघत वाजवायचा. आपण त्या बँडच्या जागी उभे असतो. २२० बीपीएमच्या गाण्यावर निम्मं फ्लोअर रिकामं झालं तर पुढचं १४०चं लागतं, आणि ते तुम्हाला आधीचं संपायच्या आत शोधावं लागतं. घरी बसून केलेल्या यादीला समोरचं फ्लोअर दिसत नाही. वर्गातून नुकतेच आलेले नवे लोक असतील तर पहिली काही गाणी १२० ते १४०मध्येच ठेवा.

म्हणून लागतं ते एकच: हॉलमध्ये एक गाणं चालू असताना हेडफोनवर दुसरं ऐकता येणं. त्यासाठी लॅपटॉपमधून दोन वेगळे आवाज बाहेर यायला हवेत. स्वस्तातली पुष्कळ यूएसबी साउंडकार्डं हेडफोनला तेच देतात जे स्पीकरला जातं. घेताना चार आउटपुट आहेत का बघा. नाहीतर साधं दोन आउटपुटचं कार्ड हॉलला लावा आणि हेडफोन लॅपटॉपच्याच भोकात. मिक्स्क्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्हीकडे वेगवेगळं उपकरण निवडता येतं. त्यातलं रीप्लेगेनही (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर १९३७च्या ध्वनिमुद्रणानंतर आजच्या बँडचं लागलं की लोक दचकतात.

सॉफ्टवेअरने सांगितलेल्या बीपीएमवर विसंबू नका. माणसाने वाजवलेला ड्रम मागेपुढे होतो आणि आकडा सर्रास निम्मा किंवा दुप्पट दाखवला जातो. पायाने ताल धरून स्वतः मोजा.

ढोलताशा_९६
पण गॅपचं माझं म्हणणं चुकीचं नाही.

सवाई_शिकागो
लांब गॅपबद्दल नाही. सॅव्हॉयमध्ये दोन बँडना दोन मंच होते, एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. पण चार-पाच सेकंदांची शांतता लागतेच, त्यातच जोडीदार बदलतो.

तबकडी_आजोबा
धागा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांकडे लाखेच्या तबकड्यांची पेटी होती. दहा इंची, ७८ फेऱ्यांची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तुमची अमेरिकन नाचाची गाणी तीन मिनिटांची का, तर याच तबकडीमुळे. आमच्या नाट्यपदांनाही तीच वेस होती. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबे, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक हाच जॅझ वाजवत होते आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडे कान देऊन होते. त्या गोव्याच्या वादकांतला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, वाजवून गेला. शनिवारी त्यातलं एक गाणं लावाच, जर्मन लोक नाचतील.

बर्लिनकर
गेमाचे (संगीताच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) पैसे भरलेत का? जर्मनीत सार्वजनिक ठिकाणी संगीत वाजवलं की भरावे लागतात.

मृद्गंध_म्युनिक
ते आयोजक बघतात. आजोबा, छान माहिती, पण माझ्या झांजांचं काय? पहिल्या प्रश्नाला अजून कोणीच उत्तर दिलं नाही.

रेघोट्या
कारण तुम्ही माझ्या प्रश्नाला दिलं नाही. गाणी कुठून आली?

मृद्गंध_म्युनिक
एका मैत्रिणीकडून एमपी३ मिळाली, १२८ची (केबीपीएस, म्हणजे बरीच दाबलेली). काही व्हिडिओंवरून उतरवली. फ्लॅक चांगलं असं वाचलं म्हणून सगळी एकदम फ्लॅकमध्ये बदलून घेतली. त्यात दोन रात्री गेल्या.

रेघोट्या
सापडलं. एमपी३ करताना जे फेकलं गेलं ते फ्लॅक करून परत येत नाही, फाइल फक्त फुगते. वेव्ह केलंत तर आणखी फुगेल, तीन मिनिटांना जवळजवळ ३२ एमबी, आवाज तोच. स्पेक नावाच्या, आवाजातले उंच-खालचे सूर चित्रात दाखवणाऱ्या फुकट प्रोग्राममध्ये एक फाइल टाका, १६ किलोहर्ट्झला भिंतीसारखी सरळ रेघ दिसेल, त्याच्या वरचं सगळं कापलेलं.

सवाई_शिकागो
रेघेवरून एवढा ठाम निष्कर्ष काढू नका. १९३०च्या दशकातल्या तबकडीवर तेवढ्या वर संगीत नसतंच, असते ती सुईची खरखर. ती कोणी मुद्दाम गाळली असेल तर उत्तम सीडीतही वरचा भाग रिकामा दिसतो.

रेघोट्या
गाळणीचा बहुधा उतार असतो, अशी भिंत नसते. आणि इथे तर त्यांनी स्वतःच १२८ म्हटलंय.

सवाई_शिकागो
मान्य. उलट ही खरखरच १२८च्या एमपी३ला जड जाते. तिच्यात नेम नसतो, ती दाबायला गेलं की पाण्याखालचा आवाज येतो. ३२०च्या एमपी३त हॉलमध्ये मला तरी फरक कळलेला नाही. फरक कळतो तो तबकडीवरून कोणी उतरवलं यात. काउंट बेसीच्या जॅझ बँडचं एकच ध्वनिमुद्रण पाच संकलनांत पाच तऱ्हांनी ऐकू येतं. कुठे खरखर काढताना झांजही गेलेली, कुठे मोनोचं खोटं स्टिरिओ केलेलं. हॉलचा मिक्सर मोनो असला तर तसल्या स्टिरिओत अर्धा बँड गायब होतो. जुन्या तबकड्या उतरवण्यात नावाजलेले जॉन आर. टी. डेव्हिस यांनी उतरवलेलं काही मिळालं तर आधी ते घ्या.

मृद्गंध_म्युनिक
पण ६०० गाणी शनिवारपर्यंत कशी विकत घेऊ?

सवाई_शिकागो
दोन तासांना चाळीस लागतात. साठ घ्या, म्हणजे निवडायला वाव राहील. साउंडकार्ड साधं घ्या आणि उरलेले पैसे संगीतावर घाला. एरवी कुठे नाचता तिथे कोणती गाणी लागली की तुमचे पाय आपोआप उठतात, ती आठवून लिहून काढा. यादी तिथून सुरू होते.

मृद्गंध_म्युनिक (शुक्रवार, संध्याकाळी ७:०५)
हॉलमधून लिहितेय. ५४ गाणी घेतली, काही सीडीवरून, काही फ्लॅक विकत. क्लॅरिनेट आता समोर उभं राहून वाजवल्यासारखं येतंय, मी एकटीच दोन गाणी नाचून घेतली. आजोबा, ‘अलबेला’तलंही एक घेतलंय. मिक्स्क्समध्ये हेडफोन वेगळा चालतोय. पण स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतोय. साउंडकार्ड बदलून आणू का? दुकान आठला बंद होतं.

ढोलताशा_९६
थांबा, काही आणू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

मृद्गंध_म्युनिक
गेला!

ढोलताशा_९६
अर्थिंगचा लूप आहे. मांडवात दर सीझनला एकदा तरी होतो. उद्या बॅटरी पूर्ण भरून न्या आणि स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. नंतर सवडीने मध्ये लावायचा आयसोलेटर घ्या.