‘कॉल’ला मराठीत काय म्हणावे? ‘आव्हान स्वीकारणे’, ‘बरोबरी करणे’ की ‘परवडणे’

पोकरमध्ये समोरच्या भिडूने आपल्या सगळ्या चिपा एकदम पुढे सारल्या, म्हणजे ‘ऑल-इन’ केले, की आपल्याला तेवढ्याच चिपा लावून, म्हणजे ‘कॉल’ करून, पत्ते उघडावे लागतात किंवा पत्ते टाकून द्यावे लागतात, म्हणजे ‘फोल्ड’ करावे लागते. ‘ऑल-इन’साठी ‘सर्वस्व पणाला लावणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे तयारच आहे. अडते ते ‘कॉल’पाशी.

‘आव्हान स्वीकारणे’ हा पर्याय बहुतेकांना आधी सुचतो, परंतु मला तो मुळीच मान्य नाही. ‘आव्हान’ म्हणजे मुळात बोलावणे, आणि बोलावतो तो सर्वस्व लावणारा. शिवाय द्यूतासाठी कोणी बोलावले तर माघार घ्यायची नाही हे आपले व्रत असल्याचे सभापर्वात युधिष्ठिर सांगतो, तेव्हापासून या शब्दाला मानापमानाचा जो रंग चढला आहे, तोच कॉल करावा की नाही हे ठरवताना सर्वांत घातक ठरतो. ‘बरोबरी करणे’ हिशेबाला नेमके आहे, पण ‘मी त्याची बरोबरी केली’ या वाक्याचा मराठीत वेगळाच अर्थ होतो. तीन पत्तीतला ‘शो मागणे’ येथे वरवर जुळतो. मात्र पोकरमध्ये चिपा शिल्लक असताना कॉलनंतरही बोली चालू राहू शकते, त्यामुळे तो सर्वत्र लागू पडत नाही.

मला योग्य शब्द सापडला तो ठाण्यात, पाचपाखाडीतल्या बहिणीच्या घरी. तेथे शनिवारी पैसे न लावता स्पर्धा चालते. त्या दिवशी चौघे उरले होते आणि पुढच्या फेरीत तिघांनाच जागा होती. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिपा, 200 आणि 400. एकाने 5,000 चिपा लावल्या, 200 वाल्याने पत्ते टाकले आणि पाळी माझ्या भाच्यावर आली. 400 आधीच लागलेल्या धरून त्याच्याकडेही 5,000 च होत्या, आणि हातात नव्व्यांची जोडी. मधे 5,600 जमा, भरायचे 4,600. म्हणजे एकूण 10,200 पैकी 4,600 त्याचे, आणि तोटा होऊ नये यासाठी शंभरात सुमारे 45 वेळा जिंकायला हवे. समोर एक्का आणि राजा असतील तर नव्व्या शंभरात साधारण 55 वेळा टिकतात. मोठी जोडी असेल तर जेमतेम 20 वेळा. नुसत्या या आकड्यांवर कॉल करावासा वाटणे स्वाभाविक होते. परंतु चौथ्या भिडूकडे फक्त 1,000 चिपा उरल्या होत्या, आणि तिघांना सारखीच जागा मिळणार असताना जिंकून दुप्पट झालेल्या चिपांची किंमत दुप्पट होत नाही, हरलो तर मात्र सगळेच जाते. स्पर्धेत गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते, हेच तत्त्व येथे ठळकपणे दिसते. त्याने पत्त्यांचे कोपरे पुन्हा एकदा उचलून पाहिले आणि म्हणाला, ‘मामा, भाव ठीक आहे, पण मला परवडत नाही.’

‘परवडणे’ या क्रियापदात भाव रास्त असणे आणि तो आपल्याला झेपणे हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि स्पर्धेतल्या कॉलचा निर्णय नेमका या दोहोंच्या मधला आहे. ‘पण’ या शब्दाशीही त्याचे सूत जमते. संस्कृत ‘पण्’ या धातूला पैज लावणे आणि व्यवहार करणे असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे द्यूतातला ‘पण’ आणि वाशीच्या घाऊक बाजाराशी नित्य जोडलेला ‘पणन’ हे एकाच कुळातले शब्द ठरतात. त्या बाजारातला खरेदीदार आंब्याची पेटी उघडून पाहतो, भाव ऐकतो आणि परवडत नसेल तर पुढच्या गाळ्याकडे वळतो. त्याने माघार घेतली असे कोणी म्हणत नाही.

म्हणून प्रत्यक्ष कृतीला ‘कॉल करणे’ हा रुळलेला प्रयोगच राहू द्यावा, आणि निर्णयाबद्दल लिहिताना ‘हा कॉल परवडतो का?’ असे लिहावे, असे माझे मत आहे. ‘फोल्ड’साठीही ‘हार मानणे’ लिहू नये, ‘पत्ते टाकणे’ लिहावे; भाच्याने नव्व्या टाकल्या, आणि तिसरी जागा त्यालाच मिळाली.